सरळ पट्टी मारणारं मशीन

दिवाळीपासून आमच्या पडवीत एक दार आडवं पडून होतं. सागाचं, कपाटाचं दार, दोन स्टुलांवर ठेवलेलं. धुणं वाळत घालायला जायचं तर त्याला वळसा, परत यायचं तर पुन्हा वळसा, आणि पदराचा नुसता वारा लागला तरी आतून हे ओरडणार, "धूळ उडती ना, सत्यशीला!" आमच्या काष्टीसारख्या धुळीच्या गावात राहून धुळीची तक्रार करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

हे म्हणजे माझे यजमान, कल्याण. गाव त्यांना कल्याणकाका म्हणतं, कारण गावातली कितीतरी पोरं यांच्या पिवळ्या व्हॅनमधून श्रीगोंद्याच्या शाळेत जातात. सकाळी पोरं सोडायची, दुपारनंतर आणायची, आणि मधला सगळा वेळ लाकडात घालवायचा. सुतारकाम पोटासाठी नाही, निव्वळ हौस. घरातले पाट, चौरंग, माझ्या शिलाई मशीनचं टेबल, सगळं यांच्या हातचं. पाहुणे आले की यांचा हात आपसूक टेबलावरून फिरायचा आणि पाहुण्यांनी विचारेपर्यंत फिरतच राहायचा.

यंदा कपाट करायला घेतलं होतं. लाकूड तासून, जोडून, घासून सगळं झालं, राहिलं होतं फक्त पॉलिश. पॉलिशच्या थराला या धंद्यात 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात. यांनी दाराला पहिला हात दिला, वाळू दिला, दार उन्हाकडं तिरपं धरून बघितलं आणि पॉलिश पेपर घेऊन तो हात खरडून टाकला.

"काय झालं? चांगलं तर दिसत हुतं," मी म्हटलं.

"ब्रशच्या रेघा आल्यात. वाकड्या."

दुसऱ्या दिवशी नवा ब्रश आला. परत हात, परत खरड. मग ब्रश चांगला आणि पॉलिश वाईट ठरलं. पॉलिश बदललं, तेव्हा थिनरमध्ये भेसळ निघाली. थिनर दौंडहून आणलं तर थंडीमुळं वाळत नव्हतं. मी म्हटलं, "आता तेवढं पंचांग बघायचं राहिलंय." यांना हसू आलं नाही. एरवी माझ्या टोमण्याला दोन टोमणे परत देणारा माणूस, पण त्या दिवशी नुसतं दाराकडं बघत राहिला. मला वाटलं, वय झालं की माणूस असा किरकिरा होतो. खरं सांगायचं तर मला त्या दाराचा वीट आला होता.

मग यांना मशीनचं खूळ लागलं. ब्रशच नको, पॉलिश फवारायचं. म्हणजे रेघांचा प्रश्नच मिटला. मोबाईलवर कुणीकुणी परदेशी माणसं आपापल्या गॅरेजात उभी राहून कपाटं फवारताना दिसायची आणि हे जेवणाचं ताट पुढ्यात ठेवून ते बघत बसायचे. भाकरी हातातच राहायची. मधेच उठून पडवीत जायचे, दाराशेजारी उभं राहून रिकामा हात डावीकडून उजवीकडं न्यायचे, परत येऊन बसायचे, परत उठायचे. बघून बघून माझाच जीव टांगणीला लागायचा.

"अहो, बसा की एका जागी. पायाला भिंगरी बांधली का?"

"कॉम्प्रेसरचं घ्यावं का टर्बाइनचं, तेच कळंना झालंय."

"कोनचंबी घ्या, पन घ्या आन ते दार उचला."

पण घेणं काही होईना. आज कॉम्प्रेसर पक्का, तर उद्या त्याचा आवाज फार. परवा टर्बाइन पक्कं, तर तेरवा त्याची गन जड. व्हॅनमध्येसुद्धा तोच विषय. एकदा आमच्या गल्लीतली बारकी ज्ञानेश्वरी गाडीतून उतरता उतरता मला म्हणाली, "काकू, काकांचं टर्बाइन कधी येनार?" पहिलीतल्या पोरीच्या तोंडी टर्बाइन! मी कपाळाला हात लावला.

ऑनलाइन मागवायला यांचा ठाम नकार. "हातात धरून, मारून बघितल्याबिगर न्हाई." शेवटी शाळेला कसलीशी सुट्टी आली तेव्हा मीच म्हटलं, चला नगरला. मला ब्लाउजचं अस्तर आणायचंच होतं. खरं कारण एवढंच, की मी सोबत असले म्हणजे रिकाम्या हातानं परत यायचं यांचं धाडस होणार नाही.

नगरला मशिनरीचं एक मोठं दुकान यांनी हेरून ठेवलं होतं. दुकानदार तरुण होता, बोलका. यांनी तोंड उघडताच त्यानं ओळखलं की हे घरून अभ्यास करून आलेलं गिऱ्हाईक आहे.

"काका, हे कॉम्प्रेसरवरचं. मोठ्या कारखान्यात हेच चालतं. जोर भरपूर, पण निम्मं पॉलिश लाकडावर बसतं आणि निम्मं शेजाऱ्यांच्या धुण्यावर." मी लगेच म्हटलं, हे नको. "हे टर्बाइनचं. हवा पुष्कळ सोडतं पण दाब कमी, त्यामुळं उडून वाया कमी जातं. पडवीत काम करायचं असेल तर मी हेच सांगेन. फक्त पॉलिश पातळ करून घ्यायचं, नाहीतर संत्र्याच्या सालीसारखं उमटतं. आणि हे तिसरं, हातातच मोटर असलेलं. स्वस्त आहे, पण गेटाला, कुंपणाला ठीक. सागवानाला मी देणार नाही."

यांनी ऐकलं आणि एकच विचारलं. "सरळ पट्टी कोनतं मारतं?"

"सगळीच मारतात, काका."

"तसं न्हाई. सगळ्यात सरळ कोनतं?"

दुकानाच्या मागं मोकळी जागा होती. तिथं दुकानदारानं रिकामे खोके फोडून भिंतीला उभे केले, भांड्यात निळीचं पाणी भरलं आणि टर्बाइनची गन यांच्या हातात दिली. "मनगट वळवायचं नाही. अख्खा हात सरकवायचा. खोक्यापासून वीतभर अंतर, आणि मधे थांबायचं नाही."

यांनी पट्टी मारली. पुठ्ठ्यावर निळी पट्टी उमटली, तिच्या दोन्ही कडा बारीक बारीक नागमोडी.

"नोझल खराब दिसतंय हिचं," हे म्हणाले.

दुकानदारानं नोझल बदललं. पट्टी तशीच. मग यांना कॉम्प्रेसरची गन पाहिजे झाली. ती जोडली, तो खडखडाट सुरू झाला, यांनी ओठ घट्ट मिटून पट्टी मारली. तशीच. "दाब जास्त हाय." दाब कमी केला. तशीच. हातातल्या मोटरवाल्या मशीननं मारली, ती सगळीच फिसकटली, आणि त्या पट्टीवर यांचा चेहरा जरा उजळला. इथं मशीनच भिकार आहे हे सगळ्यांना दिसत होतं ना!

"यापेक्षा भारी काय न्हाई का?"

दुकानदारानं आतून एक वरच्या दर्जाचं टर्बाइन आणलं. हलकी गन, धुक्यासारखा फवारा. यांनी शर्टाला हात पुसले, दोन्ही पाय रोवून उभे राहिले, श्वास आत घेतला. तो श्वास मला ऐकू आला. पट्टी इतकी स्वच्छ उमटली, की तिच्या कडेचं एकूण एक वळण मोजून घ्यावं. मशीन जेवढं चांगलं, तेवढं ते स्पष्ट दाखवत होतं.

तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता. मी उन्हात उभी राहून कंटाळले होते आणि मनात अस्तराचा रंग चालला होता. दुकानदारानं वातावरण हलकं करायला म्हणून हसत गन माझ्यापुढं केली. "काकू, तुम्ही बघा मारून. काही अवघड नाही."

मी जन्मात असली वस्तू हातात धरली नव्हती. घोडा दाबला, हात सरकवला, सोडला. पट्टी काही आखल्यासारखी नव्हती, पण सरळ होती. यांच्या सगळ्या पट्ट्यांच्या खाली माझी ती एकच सरळ पट्टी.

"बघा!" दुकानदार म्हणाला, आणि मग घाईघाईनं निळीचं भांडं आवरायला लागला.

मी यांच्याकडं वळले. हे माझ्या पट्टीकडं बघत नव्हते, माझ्या हाताकडं बघत होते. आणि यांचा स्वतःचा उजवा हात पँटच्या खिशात होता. तेव्हा एकेक गोष्ट माझ्यापुढं येऊन उभी राहिली. बशीतून चहा पिणं यांनी कधीच सोडलं होतं. वाढदिवसाच्या पाकिटावर नाव घालायला मला सांगायचे, "तुझं अक्षर चांगलं हाय" म्हणून. मला सुईत दोरा ओवून द्यायचं काम वर्षानुवर्षं यांचं, ते यंदा "चष्मा बदलायचाय" म्हणून टळत होतं. ब्रश चांगला होता, पॉलिश चांगलं होतं, थंडीनं काही बिघडवलं नव्हतं. पुढच्याच क्षणाला मला व्हॅन आठवली, आणि व्हॅनमधली पोरं.

"विचार करून सांगतो," हे दुकानदाराला म्हणाले. त्यानं आग्रह केला नाही. अस्तर आणायचं मीही विसरून गेले.

परत निघताना मी व्हॅनच्या दाराशी क्षणभर थबकले. मला गाडी चालवता येत नाही. शिकवतो शिकवतो म्हणून हे किती वेळा मागं लागले, मीच नाक मुरडलं. आयुष्यात या गोष्टीचा इतका राग मला कधी आला नव्हता. मी बसले, सीटचा पट्टा लावला. तो मी कधी लावत नाही. यांनी ते बघितलं आणि गाडी सुरू केली.

नगर सुटलं तसा उसाच्या ट्रॅक्टरांचा त्रास सुरू झाला. एकामागं एक डबल ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. चिखलीच्या घाटात एकाच्या मागं आम्ही अडकलो. एरवी हॉर्न मारून केव्हाच पुढं गेले असते. यांनी गाडी बाहेर काढायला चाक वळवलं, समोरून ट्रक दिसला, परत आत घेतली. जागा भरपूर होती, काही झालं नसतं. पण माझी नजर चाकावरच्या त्या बोटांवरून हलेना. हातातल्या पिशवीचा बंद मी गुंडाळत होते, सोडत होते.

"सारखं काय बघती हाताकडं?" हे चिडून म्हणाले.

"रसवंती दिसली की थांबा. घसा कोरडा पडलाय."

कोळगावच्या अलीकडं एक रसवंती लागली. मी दोन ग्लास रस सांगितला. पोऱ्यानं काठोकाठ भरलेले ग्लास फळीवर आणून ठेवले. मी माझा उचलला. हे रस्त्याकडं बघत बसले.

"उचला," मी म्हटलं.

"बर्फ लई टाकलाय. थांब जरा."

"अहो, उचला."

यांनी इकडंतिकडं बघितलं आणि दोन्ही हातांनी ग्लास धरला. तरी रस मनगटावर सांडलाच. ग्लास खाली ठेवून हे रुमाल शोधायला लागले, तर मीच पदरानं मनगट पुसलं. कुणी बघतंय का, याचं भान त्या वेळी मला नव्हतं.

"कधीपासनं?"

"गनपतीपासनं. आधी वाटलं, रंधा लई मारला म्हनून आसंल."

"आन डाक्टर?"

"डाक्टर म्हनंल गाडी बंद. मग?" हे तिरीमिरीत म्हणाले. "मग मी काय करू? दिवसभर पडवीत बसून धुनं मोजू?"

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं, तर तू आजच्यासारखी बघत बसली असती."

खरंच बघत बसले असते. मी रस प्यायले नाही, ग्लास नुसता हातात धरून बसले. मग हे स्वतःच बोलायला लागले, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉल्यांकडं बघत.

"मनाशी धरलं हुतं मी. दाराला हात सरळ आला, की समजायचं माझ्या हाताला काय झालेलं न्हाई. गाडी चालवायची."

"आन न्हाई आला तर?"

"तर ब्रश खराब." हे हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. "मग पॉलिश खराब. मग म्हटलं मशीन आनू. मशीन काय खोटं बोलतंय? पन तेबी माझ्याच हातात द्यायचं हुतं."

मला रडू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ राग. "तुमी दाराची परीक्षा घेत बसला, आन हिकडं रोज पोरं बसवत हुता मागं! ज्ञानेश्वरी बसती तुमच्या मागं! तिच्या आईनं कुनाच्या भरोशावर पाठवली?"

"चाक धरलं की न्हाई हलत. आईशप्पथ न्हाई हलत."

"आन गिअर टाकताना?"

पोऱ्या रिकामे ग्लास न्यायला आला, भरलेले बघून परत गेला.

तिथून पुढं यांनी एकाही ट्रॉलीला ओलांडलं नाही. काष्टीपर्यंत उसाच्या मागं मागं, बैलगाडीच्या चालीनं आलो. घरी उतरल्यावर हे पडवीत गेले, दाराजवळ उभे राहिले, त्याच्यावर जुनी चादर टाकली. मग आत येऊन गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

"ही ठेव कुठंतरी. सकाळी मी मागंन. देऊ नको."

"आन चिडला तर?"

"चिडलो तरी. श्रीमंतला सांग यायला. मला न्हाई सांगवायचं."

श्रीमंतभाऊजी हे माझे चुलत दीर, कांद्याचा टेम्पो चालवतात. मी त्यांना फोन केला, यांच्या हाताला दुखापत आहे एवढंच सांगितलं. नगरच्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडं नंबर लावला. किल्ली आधी डब्यात ठेवली, मग गादीखाली, मग कुठंच बरं वाटेना म्हणून पदराच्या टोकाला बांधली.

सकाळी हे नेहमीसारखे अंघोळ करून, भांग पाडून तयार. जणू काल काही घडलंच नव्हतं.

"किल्ली दे."

"न्हाई."

"सत्यशीला, पोरं यायला लागली. आजचा दिवस दे. उद्यापासनं श्रीमंत."

"न्हाई देनार."

"माझी गाडी हाय!" लग्न झाल्यापासून हा आवाज मी ऐकला नव्हता. "मी शिकलो, मी घेतली, एक ओरखडा आजवर पडू दिला न्हाई! तू कोन अडवनार?"

मी गाठ मुठीत धरून भिंतीला टेकले. द्यावी असं वाटत होतं. देवाची शपथ, त्या क्षणी यांच्या तोंडाकडं बघून ती देऊन टाकावी असंच वाटत होतं. एकच दिवस, ओळखीचा रस्ता, काय होणार आहे! पण बाहेर पोरांचा कलकलाट ऐकू येत होता, आणि त्यात ज्ञानेश्वरीचा आवाज सगळ्यात वर होता.

"तुमीच सांगितलं हुतं, देऊ नको," मी म्हटलं.

यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग चप्पल घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

श्रीमंतभाऊजी आले. मी पदराची गाठ सोडायला लागले तर ती सुटेना, दातांनी सोडवली. किल्ली यांच्या समोरच त्यांच्या हातावर ठेवली. पोरं भराभरा चढली, दप्तरांची ढकलाढकली झाली. ज्ञानेश्वरी पायरीवर थांबली.

"काका, तुमी न्हाई येत?"

"आज श्रीमंतकाका," हे म्हणाले. "त्यांना त्रास देऊ नका. खिडकीतनं डोकं बाहेर काढायचं न्हाई."

गाडी सुरू झाली. हे ओट्यावरून उठले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मागच्या काचेला पोरांची तोंडं चिकटली होती, सगळी हात हलवत होती. आजवर यांनी या पोरांचे आईबाप फक्त आरशात, मागं राहताना, हात हलवताना बघितले होते. आज हे त्या जागी उभे होते.

यांनी उजवा हात वर केला. मी लगबगीनं जाऊन यांच्या शेजारी उभी राहिले. पोरांना वाटलं काका आपल्याला हात हलवतायत, म्हणून ती आणखी जोरजोरात हात हलवायला लागली, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

यांनी हात हलवला नव्हता. नुसता वर धरला होता.